कवळी टोचते

दातवाले काका स्वतः भरल्या बत्तीशीचे धनी होते, पण त्यांच्या घरात दुसऱ्यांचेच दात जास्त. मागच्या खोलीत, जिथे एरवी माणसं अडगळ ठेवतात, तिथे त्यांचं काम चालायचं. एक लांब टेबल, मेण वितळवायची छोटी शेगडी, पॉलिशची मोटर, फळीवर प्लास्टरचे जबडे, आणि खिडकीखाली ओळीने मांडलेल्या कवळ्या. त्या कवळ्यांचे मालक तेवढा वेळ कुठेतरी तोंड मिटून बसलेले असायचे. नवखा माणूस त्या खोलीत डोकावला की दचकायचा. काकूंना मात्र त्याचं काही वाटत नसे. फळीवरची धूळ पुसता पुसता त्या त्या जबड्यांनाच दटावायच्या, "कसे दात काढून बसलेत बघा, काम ना धंदा!"

काका दातांचे डॉक्टर नव्हते. ते स्वतः ही गोष्ट कधी विसरत नसत, पण गल्ली साफ विसरली होती. डॉक्टरांनी तोंडाचं माप घ्यायचं, ते काकांकडे पाठवायचं आणि काकांनी त्यात प्लास्टर ओतून, त्या प्लास्टरच्या जबड्यावर कवळी घडवायची, अशी कामाची रीत. तोंडात हात डॉक्टरांचा, टेबलावर हात काकांचा. पण एकदा कवळी हातात पडली, की नंतर ती टोचली म्हणून पुन्हा डॉक्टरांकडे कोण जातो? तिथे नंबर लावा, ताटकळत बसा. त्यापेक्षा मागच्या दाराने काकांकडे यायचं, कवळी काढून रुमालात धरायची आणि म्हणायचं, "काका, इथे जरा टोचतंय, घासून द्या." काका बोटाने कड चाचपायचे, मोटर सुरू करायचे, दोन-चार फेरे मारून, कवळी धुऊन परत द्यायचे. माणूस खूश, काका खूश. ही सोय सगळ्यांच्या इतकी अंगवळणी पडली होती, की तिच्यात काही खोट असेल असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

काकांच्या हातून कवळ्या पुष्कळ गेल्या, पण जीव ओतला तो एकीत. काकूंचे दात तरुणपणीच हलायला लागले होते. हिरड्यांचं दुखणं त्यांच्या माहेरचंच. शेवटचे उरलेसुरले दात काढले, त्या दिवशी काकू तोंडावर हात धरून घरी आल्या आणि कवळी तयार होईपर्यंत तो हात त्यांनी खाली घेतला नाही. बोलायच्या त्या हाताआडून, हसायच्या त्याही हाताआडूनच. काकांनी तेव्हा हातातली सगळी कामं बाजूला सारून काकूंची कवळी घडवायला घेतली. पुढचा एक दात त्यांनी मुद्दाम किंचित तिरका बसवला, कारण काकूंचा मूळचा दात तसाच होता. तेव्हाचे म्हातारे डॉक्टर म्हणाले, "अहो, नवे बसवताय तर सरळ बसवा की!" काका म्हणाले, "सरळ दातांची बाई माझ्या ओळखीची नाही." डॉक्टर हसत सुटले. काकूंनी कवळी घातली, आरशात पाहिलं, आणि काकांच्या शर्टावरचं प्लास्टर झटकत राहिल्या. पुढे ते डॉक्टर निवृत्त झाले. त्यांच्या जागी त्यांची विद्यार्थिनी आली, काकांच्या लेकीच्या वयाची. काका तिला डॉक्टरीणबाई म्हणायचे आणि ती त्यांना काका म्हणायची.

तर अशी ती कवळी. म्हणून थंडीच्या दिवसांत एके सकाळी काकू जेव्हा म्हणाल्या, "अहो, खालची कवळी डाव्या अंगाला जिभेला लागतेय हो जरा," तेव्हा काकांना ती तक्रार थेट काळजाला लागली. लोकांच्या कवळ्या टोचतात, त्याला शंभर कारणं असतात. पण हिची? त्यांनी लगेच कवळी टेबलावर नेली, आतली कड हलक्या हाताने घासली, पॉलिश केली, धुतली, आणि समोर उभे राहिले.

"कसं वाटतंय?"

"छान. आता कसं मोकळं वाटतंय."

काही दिवसांनी पुन्हा तेच. काकांनी पुन्हा घासली. मग पुन्हा. फळीवरचा काकूंच्या जबड्याचा जुना साचा काढून त्यांनी तो दिव्याखाली फिरवून फिरवून बघितला. कुठे उंचवटा राहिलाय का, कुठे माप चुकलंय का. साच्यात काही सापडेना, आणि सापडणार तरी काय? प्लास्टरला जीभ नसते. पण काकांचा सगळा जन्म प्लास्टर वाचण्यात गेलेला, त्यामुळे जे काही असेल ते प्लास्टरमध्येच असणार अशी त्यांची पक्की समजूत. दर वेळी काकू म्हणायच्या, "आता बरं आहे." दर वेळी काकांचा जीव भांड्यात पडायचा.

दरम्यान काकूंना सफरचंदाचा कंटाळा आला. भाजलेले दाणेही त्यांना आताशा आवडेनासे झाले. पाव चहात बुडवून त्या उजव्या बाजूने हळूहळू चघळायच्या आणि चहा गार करून प्यायच्या. काकांना यातलं काही खटकलं नाही. लोकांच्या दातांत हा माणूस इतका गुंतलेला, की स्वतःच्या समोर बसून कोण काय आणि कसं खातंय, हे बघायचं राहूनच गेलं. राग येतो अशा माणसाचा. पण करणार काय, त्याच्या मनात खोट नव्हती आणि हातात कानस होती.

थंडी सरली, उन्हं तापली, आणि त्या कवळीची डावी कड इतकी पातळ झाली की आणखी घासली तर तुटेल. मग काकांना वाटलं, आतून मऊ अस्तर लावावं. ते सामान डॉक्टरीणबाईंकडे असतं. एका दुपारी काकूंकडून कवळी मागून घेतली, रुमालात गुंडाळली आणि ते दवाखान्यात गेले.

"बाई, ते मऊ अस्तराचं थोडं असेल का?"

"आहे की. कुणाचं काम?"

"घरचंच. हिची खालची कवळी जिभेला टोचतेय. मी घासली, पण आता घासायला कडच उरली नाही." काकांनी रुमाल उलगडला.

बाईंनी कवळी हातात घेतली, कडेवरून बोट फिरवलं. "ही कड टोचणारी नाहीये, काका. किती दिवस चाललंय हे?"

"दिवस कसले, थंडीपासून."

बाईंनी कवळी खाली ठेवली. "आणि जखम कशी दिसते?"

काका कवळीकडे बघत राहिले. त्या कवळीचा कण नि कण ते डोळे मिटून सांगू शकले असते. पण काकूंच्या जिभेवरची जखम लाल आहे की पांढरी, केवढी आहे, वाढतेय की काय, यातलं त्यांना काही ठाऊक नव्हतं.

"तुम्ही बघितलीच नाही?"

"बघायचं काम तुमचं असतं ना, बाई."

"मग माझ्यापर्यंत आलं का नाही ते?" बाईंचा आवाज चढला नव्हता, पण काकांना तोंडात मारल्यासारखं झालं. "तुम्ही कवळी घेऊन आलात, काका. मला काकूंचं तोंड बघायचंय. कवळीने पडलेली जखम, कड घासली की आठ-पंधरा दिवसांत भरून येते. नाही भरली, तर कवळीला दोष देत बसायचं नाही. आत काय आहे ते बघायचं. आजच घेऊन या त्यांना."

काका म्हणाले, "पण ती तंबाखू-बिंबाखू काही खात नाही हो! साधी सुपारी नाही कधी."

"न खाणाऱ्यांनाही होतो. कमी जणांना होतो, पण होतो."

त्या आजाराचं नाव दोघांपैकी कुणीही घेतलं नव्हतं. तरी ते टेबलावर त्या कवळीशेजारी येऊन बसलं. काकांनी घाईघाईने कवळी रुमालात गुंडाळली आणि अस्तराचं सामान न घेताच घरी आले.

कवळी घालून काकू बाहेर आल्या, पण ऐकायला तयार नव्हत्या. "तोंडात औषधाला एक दात नाही, आणि दातांच्या डॉक्टरकडे जाऊ? लोक हसतील. चाकं नसलेली सायकल पंक्चरवाल्याकडे नेण्यातलाच प्रकार हा!"

एरवी काका यावर खो खो हसले असते. आज हसले नाहीत. काकूंनी त्यांच्या चेहऱ्याकडे एकदा नीट बघितलं, हातातलं काम खाली ठेवलं आणि चपला घातल्या. 

दवाखान्यात काकू त्या मोठ्या खुर्चीत अंग चोरून बसल्या. बाईंनी हातमोजे चढवले, दिवा खाली ओढला आणि म्हणाल्या, "काकू, दोन्ही कवळ्या काढा."

काकूंनी काकांकडे बघितलं. काकांना ती नजर कळली. ते उठले आणि बाहेर जाऊन दाराशेजारच्या बाकावर बसले. तिथे बसल्यावर, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, त्यांच्या लक्षात आलं की आपण आपल्या बायकोला बिनदातांची कधी बघितलेलंच नाही. काकू न्हाणीघराचं दार लावून कवळी काढायच्या, घासायला द्यायची तर दाराच्या फटीतून द्यायच्या, झोपताना भिंतीकडे तोंड करायच्या आणि सकाळी दात घालूनच बाहेर यायच्या. काकांनी कधी हट्ट केला नाही. बाईमाणसाचा मान राखतोय, असंच त्यांना वाटत आलेलं. त्या बाकावर मात्र त्यांना त्या मानाचं काही सुख वाटेना.

दार नीट लागलं नव्हतं. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"आ करा. आणखी. हा गाल बघू... हा बघू. टाळू ठीक आहे. आता जीभ बाहेर काढा, मी कापडाने धरते, घाबरू नका. अशी उजवीकडे घ्या." मग दिवा आणखी खाली ओढल्याचा आवाज. "इथे दाबलं की दुखतं?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"काका घासून द्यायचे, त्यानंतर बरं वाटायचं?"

"नाही."

"थोडंसुद्धा?"

"एकदाही नाही."

काका बाकावरून उठले, पुन्हा बसले. आत बाई मान चाचपत होत्या, गळ्याखाली गाठ लागते का बघत होत्या. बाहेर काकांना आपल्याच मोटरचा आवाज कानात घुमल्यासारखा वाटत होता. एकदाही नाही. मग ते 'छान', ते 'मोकळं वाटतंय', ते सगळं काय होतं?

बाईंनी त्यांना आत बोलावलं तोवर काकूंनी कवळ्या घातल्या होत्या. बाईंनी उगीच लांबण लावली नाही. जिभेच्या डाव्या कडेला जखम आहे, तिच्या भोवती पांढुरका चट्टा आहे आणि बोटाला ती जागा कडक लागते. नुसतं बघून काही सांगता येत नाही. लहानसा तुकडा काढून तपासायला हवा. मोठ्या हॉस्पिटलातल्या ओळखीच्या सर्जनना त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला.

घरी परतताना काकांनी एवढा वेळ मनात धरलेलं बोलून टाकलं. भर रस्त्यात थांबले आणि म्हणाले, "माझ्याशी खोटं का बोललीस तू?"

"खोटं काय त्यात?"

"एकदाही बरं वाटलं नाही, म्हणालीस. मी ऐकलं."

काकू पायाखाली बघत चालत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही कवळी धुऊन हातात द्यायचात आणि समोर उभे राहायचात. पेपर तपासून घ्यायला आलेल्या पोरासारखे. एवढ्या मायेने घासलेलं असायचं. नापास कसं करणार होते मी तुम्हाला?"

"मग करायचं होतंस की नापास! शंभरदा करायचं होतंस!" काका इतक्या जोरात ओरडले, की पलीकडून कुत्र्याला फिरवत चाललेला माणूस थांबून बघायला लागला.

"ओरडू नका, लोक बघतायत," काकू म्हणाल्या. मग त्यांनी काकांचे भरलेले डोळे बघितले आणि त्यांचा हात धरला. रस्त्यात हात धरायची त्यांची दोघांचीही रीत नव्हती. घर येईपर्यंत काकूंनी तो सोडला नाही.

तुकडा काढला, तपासायला गेला, आणि उत्तर यायला जो काही वेळ लागला त्यात काकांनी मोटरला हात लावला नाही. सकाळी टेबलापाशी जाऊन बसायचे आणि तसेच उठून यायचे. काकू मात्र स्वयंपाक करत होत्या, शेजारणीशी गप्पा मारत होत्या, फळीवरच्या जबड्यांना दटावत होत्या. काकांना त्यांच्या धीराचं कौतुक वाटायचं. मग एका दुपारी ते मागच्या खोलीतून आले, तर काकू बिछान्याच्या नव्या चादरी काढून, घडी मोडून, पुन्हा तशाच घड्या घालत बसलेल्या दिसल्या. कपाटातल्या सगळ्याच्या सगळ्या. काका शेजारी बसले आणि दुसरं टोक धरू लागले.

बाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं. "कॅन्सर आहे. पण लहान आहे. खोल गेलेला नाही. वेळेत सापडलाय."

"वेळेत?" काका म्हणाले. "बाई, मी थंडीपासून घासत होतो."

"मी खोटं समाधान देणार नाही, काका. पहिल्या महिन्यात आणलं असतंत तर आणखी बरं झालं असतं. पण तुम्ही अजून अस्तरं लावत बसला असतात, तर आज मला हे इतक्या शांतपणे सांगता आलं नसतं. तेवढा फरक आहे, आणि तो फार मोठा आहे."

काकू मध्येच म्हणाल्या, "जीभ राहील ना?" बाई म्हणाल्या, "राहील. कडेचा तुकडा जाईल." काकूंनी सुस्कारा सोडला. "मग झालं. यांना बोलायला कुणी तरी लागतं हो."

लेक परगावाहून आली. ऑपरेशन झालं. जिभेचा कडेचा भाग काढला, मानेतल्या गाठी काढून तपासल्या, त्या स्वच्छ निघाल्या, आजार तिथवर पोचला नव्हता. सर्जन म्हणाले, आता दुसरे उपचार नकोत, ठरल्या वेळेला दाखवायला मात्र चुकवायचं नाही. हे ऐकून लेक बापाच्या गळ्यात पडून रडली आणि बाप भिंतीवरचं घड्याळ बघत उभा राहिला, कारण त्यानेही रडायला सुरुवात केली असती तर थांबवायला कुणी नव्हतं. काकूंना बोलता यायला लागलं तेव्हा जीभ जड होती, शब्द ओले आणि बोथट येत होते. पहिलं वाक्य त्या हाताआडून काकांशीच बोलल्या. ते कळायला काकांना कान अगदी जवळ न्यावा लागला.

"मोटर बंद करून आलात ना?"

हॉस्पिटलात रोज तोंड बघायची वेळ आली, की काकू हाताने काकांना खूण करायच्या. बाहेर. लेक आत चालायची, नर्स चालायची, तीन-तीन डॉक्टर चालायचे. काका निमूट बाहेर जायचे. पुढे घरी आल्यावर, नवं माप घेऊन नवी कवळी बनल्यावरही तेच. डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं, की मधल्या काळात घरीही महिन्यातून एकदा चांगल्या उजेडात तोंड बघत जा, नवा चट्टा, नवी जखम दिसली तर लगेच या. काकू म्हणाल्या, मी बघेन आरशात. काका म्हणाले, जिभेखालचं आणि मागचं तुला कसं दिसणार, मी बघतो. काकू म्हणाल्या, काही नको. आणि विषय तिथेच संपायचा. काकांना झोपेतून जाग यायची ती याच विचाराने. पुन्हा काही उगवलं आणि पुन्हा मी त्याच्या शेजारी आंधळा बसून राहिलो तर?

मागच्या दाराने येणाऱ्यांसाठी मात्र काकांनी आता वेगळीच रीत धरली होती. कवळी टोचते म्हणून कुणी आलं, की पहिला प्रश्न, कधीपासून? दोन-चार दिवस म्हटलं तर घासून द्यायचे. त्याहून जुनं असलं तर मोटरचं बटण दाबायचे नाहीत. "आधी डॉक्टरीणबाईंना तोंड दाखवून या, मग मी हात लावतो." काही जण जायचे. काही जण तोंड वाकडं करायचे. काही जण पलीकडच्या गल्लीतल्या कारागिराकडे जायचे, तो काही विचारत नसे.

एका सकाळी कंडक्टर आले. सगळा जन्म बसमध्ये घंटी वाजवण्यात गेलेला हा गृहस्थ आता निवृत्त होता, पण आवाज अजून मागच्या सीटपर्यंत पोचणारा. त्यांनी दारातच कवळी काढली आणि बोळक्या तोंडाने गर्जना केली.

"दातवाले! गालाला लागतंय हे. मारा दोन फेरे."

"कधीपासून लागतंय?"

"झाले असतील दोनेक महिने. काय घाई आहे? म्हटलं, इकडे येईन तेव्हा दाखवीन."

काकांनी कवळी हातात घेतलीच नाही. "कंडक्टरसाहेब, आधी डॉक्टरीणबाईंकडे जा. गाल दाखवा."

"दातच नाहीत आणि दातांच्या डॉक्टरला काय दाखवू? हिरड्या?" कंडक्टर स्वतःच्या विनोदावर हसले.

"गाल, जीभ, टाळू, सगळं बघतात त्या. पाच मिनिटांचं काम आहे. दुखत नाही."

"मी तुमच्याकडे घासायला आलोय, उपदेश ऐकायला नाही. दोन फेरे मारायचे तर मारा, नाहीतर तो पलीकडचा मारून देईल."

काका समजावू लागले. महिनाभरापूर्वी कोण आलं होतं, बाई काय म्हणाल्या, जखम किती दिवसांत भरायला हवी. पण काकांना बोलणं कधी जमलंच नव्हतं, त्यांचं सगळं शहाणपण बोटांत. कंडक्टरनी कवळी रुमालात गुंडाळायला घेतली. त्यांचं ठरलं होतं. ते पलीकडच्या गल्लीत जाणार होते, आणि तिथे कुणी त्यांना काही विचारणार नव्हतं. 

तेवढ्यात आतल्या दारातून काकू आल्या. त्या कधीपासून तिथे उभ्या होत्या कोण जाणे. कंडक्टर त्यांना नमस्कार करायला वळले. काकू नमस्काराला थांबल्या नाहीत. त्या टेबलापाशी आल्या, दोन्ही हात तोंडाशी नेले, वरची कवळी काढली, खालची काढली, आणि दोन्ही टेबलावर ठेवल्या. भर सकाळच्या उजेडात, परक्या माणसासमोर. त्यांचे गाल आत गेले, ओठ मुडपले, आणि काकांना ओळखीचा चेहरा बघता बघता म्हातारा झालेला दिसला. सवयीने त्यांनी मान वळवली. मग पुन्हा बघितलं, आणि या वेळी नजर हलवली नाही.

काकूंनी जीभ बाहेर काढली आणि बोटाने डावी कड दाखवली. तिथे जिभेला खाच होती. एका बाजूने ती निमुळती, ओढल्यासारखी झालेली.

"हे बघा," काकू म्हणाल्या. दातांशिवाय आणि अर्ध्या कडेच्या जिभेने शब्द फुटत नव्हते, म्हणून त्या एकेक शब्द वेगळा करून बोलल्या. "माझंही कवळीनेच झालंय, असं वाटलं होतं. हे घासत राहिले. मी बरं म्हणत राहिले. तुमचं तसलं काही नसेलही. बहुतेक नसेलच. पण बघितल्याशिवाय कळत नाही."

कंडक्टरांचा मागच्या सीटपर्यंत पोचणारा आवाज कुठे गेला कुणास ठाऊक. ते काकूंच्या तोंडाकडे बघत होते, मग जमिनीकडे, मग नकळत त्यांचा हात स्वतःच्या गालावर गेला.

"कुठे बसतात त्या बाई?" त्यांनी हळूच विचारलं.

काकांनी पत्ता सांगितला. कंडक्टर रुमाल मुठीत धरून निघाले. दारात थांबले, वळून काकूंना हात जोडले आणि गेले. खिडकीतून काका बघत राहिले. कंडक्टर पलीकडच्या गल्लीकडे वळले नाहीत. ते सरळ दवाखान्याच्या रस्त्याने गेले.

खोलीत आता दोघंच उरली. काकांनी टेबलावरच्या कवळ्या उचलल्या, नळाखाली धुतल्या आणि काकूंपुढे धरल्या. काकूंनी त्या घेतल्या नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली, खिडकीजवळ, जिथे उजेड सगळ्यात चांगला पडतो तिथे, आणि तिच्यावर बसल्या.

"आता बघितलंच आहे, तर नीट बघा," त्या म्हणाल्या आणि तोंड उघडलं.

काकांनी कवळ्या वाटीत ठेवल्या. हात दोनदा साबणाने धुतले. मग काकूंची हनुवटी एका हाताने धरली.  बाई करायच्या तसंच त्यांनी केलं. हा गाल, मग तो गाल. टाळू. वरच्या हिरड्या, खालच्या हिरड्या. जीभ वर, जिभेखालचं सगळं. मग स्वच्छ कापडाने जीभ धरून उजवी कड, आणि शेवटी डावी. तिथे गुलाबी, सपाट, भरून आलेली कातडी होती. पांढरं काही नव्हतं. लाल काही नव्हतं. बोटाने चाचपलं तर मऊच लागलं.

काकूंनी भुवया उंचावून विचारलं, काय?

"काही नाही," काका म्हणाले. "काही नाहीये गं." आणि पुन्हा पहिल्यापासून बघायला लागले. हा गाल, तो गाल, टाळू.

काकूंची मान अवघडली. त्यांनी जीभ सोडवून घेतली आणि त्या बोळक्या तोंडाने हसल्या. "मग एवढा वेळ काय बघताय?"

"पहिल्यांदाच बघतोय ना," काका म्हणाले. "वेळ लागणारच."